हिरवं वर्तुळ

कारंजा, १४ नोव्हेंबर

बरेच दिवस पानं कोरी ठेवली, माफी असावी.

माझी बायको सुनीता, तिचे वडील मानोऱ्याला अंथरुणाला खिळलेत. तिला जायचंय, मी शाळेच्या परीक्षांची सबब पुढे करतो. कालपासून ती बोलत नाही. आज तिच्या बांगड्या वर सारून माझं ताण मोजणारं घड्याळ तिला बांधलं. हिरवं वर्तुळ आलं. म्हणालो, "पाहा, तू तर शांत आहेस."

तिनं ते काढून माझ्या हातावर ठेवलं. "घड्याळानं सांगतलं ना? मंग मी कायले सांगू? माहा बाप मरून राह्यला, त्याले बी बांधून पाहा."

बांगड्या तशाच वर अडकलेल्या. साधं विचारायला मी एवढा का भ्यालो? आता परत माझ्या मनगटावर बांधलेलं घड्याळ मलाच दीर्घ श्वास घ्यायला सांगतंय.

उद्या: सुनीताला विचारायचं, कितीच्या एसटीनं निघायचं.