चिमणीचा घास

सोमवार, १ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र घाईत लिहिते आहे. मशीनवर तीन ब्लाउज तसेच पडलेत, पण हात चालत नाही. चिमणीच्या दातांना गेल्या आठवड्यात तारा बसवल्या, आणि तेव्हापासून पोरीने अन्नाला तोंड लावलेलं नाही. दूध आणि पाणी, बस. भात मऊ केला, केळं कुस्करलं, थंडगार दही दिलं. डॉक्टरांनी दिलेलं मेण तारेवर लावलं. ती ओठ मिटून बसते. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणते.

हे म्हणतात, भूक लागली की झक मारत खाईल. पण काल तिच्या फ्रॉकची कंबर मी दोन्ही बाजूंनी आत घेतली, आणि आज शाळेत ती चक्कर येऊन पडली. बाईंनीच घरी आणून सोडलं. मला फार भीती वाटते, ताई. मी तिला ओरडले, खाल्लं नाहीस तर मरशील म्हणाले. तुझ्या लेकानेही तारा लावल्या होत्या ना? तू काय केलंस ते कळव.

लोभ आहेच, सोबत थोडा धीरही पाठव.
तुझी धाकटी

गुरुवार, ४ जुलै

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरीला चक्कर आली तरी तू पत्र लिहीत बसलीस? आधी डॉक्टर गाठ, मग हे वाच. तू लहानपणापासून अशीच, घाबरलीस की नको तिथे धावतेस.

माझ्या लेकाला पहिले चार दिवस खूप दुखायचं. मी घास बारीक करायची, पुढच्या दातांनी तोडायला लावायची नाही, दाढेकडे ठेवायला सांगायची. पण तो बोंबलून घर डोक्यावर घ्यायचा. तुझी म्हणते, दुखत नाही. मग तिच्यावर विश्वास ठेव. दूध चालतं आणि भात चालत नाही, म्हणजे तिला चावायचीच धास्ती आहे. समोर ताट न ठेवता शांतपणे विचार. जबरदस्तीने घास कोंबू नकोस.

माया आहे म्हणूनच ओरडते.
ताई

सोमवार, ८ जुलै

ती. ताईस,
सा. न.

डॉक्टरांकडे मंगळवारीच गेलो होतो. अशक्तपणा आहे, काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, म्हणाले. घरी येऊन मी घास कोंबलाच गं. तुझं पत्र नंतर आलं. तिने तो थुंकला आणि कपाटामागे जाऊन बसली.

पत्र वाचून मीही तिच्याशेजारी फरशीवर बसले. ताट नाही, काही नाही. मग ती म्हणाली, "चावलं तर तार तुटेल. पोटात गेली की मी मरेन. तूच सांगतेस."

सांगतेच ना! ती रांगायला लागल्यापासून सांगते. घरभर सुया-टाचण्या, म्हणून धाकच घातला होता, टाचणी पोटात गेली की माणूस संपला. आणि वरून मीच म्हणाले, खाल्लं नाहीस तर मरशील. माझं लेकरू इतके दिवस या दोन्हींच्या मध्ये बसून होतं, ताई. कुणाला सांगणार? मी तिला मांडीवर घेऊन खूप रडले.

दुसऱ्या दिवशी तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचंच बोट तारेवर ठेवून ओढायला लावलं. तार हलली नाही. एखादा तुकडा निघालाच तर लगेच या, आम्ही बघून घेऊ, त्याने कुणी असं मरत नाही, असंही तिला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.

घरी मऊ भात कालवला. तिने चिमूटभर दाढेखाली ठेवला, चावला, गिळला. मग डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. काय बघतेय ते मला कळलं. मी म्हणाले, "आहेस गं, आहेस." तेव्हा दुसरा घास घेतला. प्रत्येक घासाला थांबायची, माझ्याकडे बघायची. वाटी संपेपर्यंत मी तेवढंच म्हणत होते.

तुझी माया अशीच राहो.
तुझी धाकटी