बाईनं जिंकलेला दावा

मुलचेरा, ता. ८ ऑगस्ट २०२२

चि. कुलदीपले मोठ्या बहिणीचा, मनकर्णाबाईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू फोन उचलत नाईस, म्हणून कागद घेतला. आई बरी आहे. धानाची रोवणी आटपली. मयुरी फोटोत काडीवानी दिसते, लेकीले जेवू घालत जा.

आपल्या चंद्रपूरच्या कारखान्यात माझ्यासंगं काम करणाऱ्या रुखमाचा हात प्लायवुडच्या मशिनीत गेला, तवा तपासणीच्या साहेबाले मी खरं तेच सांगितलं, का मशिनीची जाळी मालकानंच काढाले लावली होती. दुसऱ्या दिवशी मले गेटवर अडवलं, मंग मी इकडं आईजवळ आली. अकरा वर्षं काम केलं, आन आता कारखाना म्हणते मीच सोडून गेली. कामगार अधिकाऱ्यानं समेटासाठी तीनदा बोलावलं, मालकाकडून कोणी आलं नाई. पंचेचाळीस दिवस उलटले का सरळ कामगार न्यायालयात जाता येते, असं युनियनच्या रामाजीभाऊनं सांगितलं. म्हणून चंद्रपूरले दावा टाकला.

त्या सकाळी गेटवर हजेरी तूच लिहीत होता. मले परत पाठवलं, तेवढंच कोर्टात सांग.

आपली माया आहे तशी राहू दे.
तुझी बाई

चंद्रपूर, ता. २१ ऑगस्ट २०२२

ती. बाईले कुलदीपचा जयभीम.

पत्र भेटलं. मयुरी जेवते, पण तुझ्याच हातचं मांगते. बाई, मी अजून ठेक्यावर आहे. मॅनेजर रोज बोलावून राह्यला. साक्ष दिली त तू बी घरी बस, म्हणते. तू दावा वापस घे, मी तुले दुसरीकडं काम पाहून देतो. मले साक्षीले बोलावू नको.

रागाव, पण डोक्यावरचा हात काढू नको.
तुझा कुलदीप

मुलचेरा, ता. १४ मार्च २०२४

चि. कुलदीप, जयभीम.

तू नाई म्हटलं, म्हणून साक्षीदारात मी तुझं नाव दिलंच नोतं. तू मालकाच्या बाजूनं उभा राहशील हे मनात बी आलं नाई. कोर्टात शपथ घेऊन तू म्हणाला, "बाई आपल्या मनानं काम सोडून गेली." मी समोरच बसून होती.

मंग माझ्या वकीलबाईनं कोर्टानं मागवलेलं हजेरीचं रजिस्टर तुझ्यासमोर धरलं. माझ्या नावापुढं तुझ्याच अक्षरात लिहून होतं, 'आत सोडू नये'. कोणं लिहाले लावलं, हे त्याईनं तीनदा विचारलं. तू पाणी मांगितलं. मले उठून तुले पाणी द्यावं वाटलं. रामाजीभाऊनं हात धरून बसवलं.

आईनं तुझ्यासाठी लाखोळीची डाळ दिली होती. तू बाहेर दिसला नाई, म्हणून रुखमाजवळ ठेवली.

बाई

चंद्रपूर, ता. २ एप्रिल २०२४

ती. बाई, जयभीम.

डाळ आणली. कारखान्यानं मले ठेक्यावरून पक्कं केलं. कशासाठी केलं हे मयुरीले सांगितलं नाई. लिहाले बसतो, आन पुढं काई सुचत नाई.

कुलदीप

मुलचेरा, ता. १० डिसेंबर २०२४

चि. कुलदीप, जयभीम.

निकाल लागला. मले कामावर वापस घ्या, मधली वर्षं नोकरीतच धरा, असा हुकूम आहे. रामाजीभाऊनं पेढे वाटले.

वकीलबाईनं निकाल वाचून दाखवला. त्यात तुझं पूर्ण नाव आहे, बाबाच्या नावासकट, आन पुढं लिहून आहे का हा साक्षीदार खोटं बोलला. मी त्याईले म्हटलं, तेवढं खोडता येते का. नाई म्हणाल्या, त्या ओळीच्याच भरवशावर तू जिंकली.

सोमवारी हजर व्हायचं आहे. रविवारच्या बसनं येतो, रुखमाच्या घरी उतरतो. चंद्रपुरात सख्खा भाऊ असून दुसऱ्याच्या घरी उतरतो, हे आईले सांगितलं नाई. तिनं तुझं बी गाठोडं बांधून ठेवलं आहे.

मयुरीले आशीर्वाद.
मनकर्णा