शनिवार सोडून

अल सद्द, गुरुवार, १४ मार्च २०१९

दमलोय. मुक्ताचा अमेरिकेहून फोन आला होता. मुलगा ज्यू, आमची लेक हिंदू. तिघा रब्बींनी, म्हणजे त्यांच्या भटजींनी, लग्न लावायला नकार दिला. चौथे तयार झाले. फक्त शनिवारी नको, तो त्यांचा विश्रांतीचा दिवस. आणि मी गुरुजींकडून शनिवारचाच मुहूर्त काढून बसलोय.

मला कळायला नको? अलिबागला शेजारचे सॅमसनकाका ज्यूच. पिढीजात तेलाचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मीसुद्धा.

"बाबा, संडेला चालेल ना?"

शनिवारी रात्रीच माझं तिथून इकडे आखातात परतीचं विमान. फुटबॉल वर्ल्ड कपचं स्टेडियम वेळेत बांधून द्यायचंय, रजा एक दिवसही वाढणार नाही.

चालेल म्हणालो. विमानाचं बोललोच नाही.