पोस्टरांची खरेदी शून्य

पिंप्राळा, जुलै, मंगळवार संध्याकाळ

“कुणाकडून घेतलीस?” असं काकांनी विचारलं आणि सगळं फिरलं.

काका म्हणजे रूपाचे बाबा, धुळ्यात घरीच लोकांचे कर भरून देतात. मी मुद्दाम त्यांच्याकडेच गेलो. कॉलेज अर्धवट सोडलेला पोरगाही नफ्यावर सरळ कर भरतो, हे त्यांना दिसावं म्हणून. अक्कल कुठे गेली होती माझी?

मी विकलेली ती जुनी सिनेमाची पोस्टरं रूपानंच घरी न सांगता दिली होती. तिच्या आईच्या वडिलांनी हातानं रंगवलेली. “विक, दुकान टाक, मग घरी येऊन लग्नाचं विचार,” म्हणाली होती.

“आमचे सासरेही पोस्टरं रंगवायचे,” काका म्हणाले. तेवढ्यात रूपा चहा घेऊन आली. तिच्या हातात कपबशी वाजत होती.

“नाव सांग ना. खरेदीची किंमत विक्रीच्या पैशातून वजा होते. का चोरीची होती?”

डोकं भडकलं. नाव ओठांवर आलं होतं. कपबशी अजून वाजतच होती.

“खरेदी शून्य लिहा. सगळ्यावर कर लावा.”

“येडा शे का रे तू? दुकानाला काय उरेल मग?”

“बघतो मी.”

उठलो. दार आपटणारच होतो, पण आत ती होती. हळूच लावलं.