राष्ट्राध्यक्ष माझ्याच वयाचे निघाले

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घालायला वाकलो तर उठवायला कोणीतरी लागेल, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) भावजींची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, गादी बदला, डॉक्टर बदलून काही होत नाही. इकडे सगळं ठीक. म्हणजे बायको आणि मुली ठीक आहेत. मी घाबरलो आहे.

कारण सांगतो, मध्येच चष्मा काढून ठेवू नकोस. मी आयुष्यभर टीव्हीच्या स्टुडिओत लोकांच्या कॉलरला माइक लावत आलो. मंत्री, गवई, पहिलवान, सगळे लावून झाले. खेळाडू माझ्यापेक्षा लहान झाले तेव्हा मला काही वाटलं नाही. धावणं हे पोरांचंच काम. मग कॉलेजात असताना जिच्यासाठी मी दाढी वाढवली होती (आणि तू दमदाटी करून काढायला लावलीस) ती नटी मालिकेत नायकाची आजी झाली. तेही गिळलं. पण राष्ट्राध्यक्ष म्हणजे कसे, आपल्या बाबांपेक्षाही थोराड, पांढऱ्या भुवयांचे, दोन वाक्यांमध्ये खाकरणारे असायचे. ते वर जागे आहेत म्हणून आपण खाली बिनघोर झोपायचो. आणि हे नवे आलेत ते माझ्याच वर्षी जन्मलेले. तेही माझ्यानंतर!

गेल्या सोमवारी त्यांचं पहिलं भाषण आमच्या स्टुडिओतून थेट जायचं होतं. माइक लावायला जवळ गेलो आणि बघतो तर काय, कानात केस. अगदी माझ्यासारखे. कलपाचा एक डाग कानशिलावर राहून गेलेला. खुर्चीत टेकताना ते 'आई गं' म्हणाले, आणि मीही वाकलेलो होतो म्हणून तेच म्हणालो, दोघं एकदमच. मग त्यांना समोरच्या पडद्यावरची अक्षरं दिसेनात. आमच्या प्रोड्यूसर बाईंनी ती मोठी केली, आणखी मोठी केली, शेवटी एका वेळी दोनच शब्द मावायला लागले. 'माझ्या प्रिय' एवढं दिसे, पण प्रिय कोण ते कळायला थांबावं लागे.

मी टेबलाशी येऊन हेडफोन चढवला. (माइक सुरू असताना माणूस नुसता पुटपुटला तरी ते माझ्या कानात येतं, हे बडे लोक हटकून विसरतात.) बाकीचे दिव्यांच्या मागे गेले, साहेब एकटे उरले, आणि माझ्या कानात हळूच आवाज आला, "मला नाही जमायचं हे. मला काहीच कळत नाहीये."

आक्का, बस ऐन घाटात असावी आणि ड्रायव्हरने मागे वळून 'यातला ब्रेक कुठला हो?' असं विचारावं, तसं झालं. मान वर केली तर साहेब माझ्याकडेच बघत होते. मी माइक सरळ करायच्या निमित्ताने पुन्हा जवळ गेलो.

"ऐकलंत?" ते म्हणाले.

"हो, साहेब."

"वय काय तुमचं?"

सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं (त्यांनाही फारसा धीर आलेला दिसला नाही) आणि विचारलं, "मग काही कळेनासं झालं की तुम्ही काय करता?"

मला खोटं सुचलंच नाही. म्हटलं, "थोरल्या बहिणीला फोन करतो. ती आधी रागावते, मग काय करायचं ते सांगते."

ते म्हणाले, "मलाही होती एक. मागच्या वर्षी गेली. आता आमच्यात मीच थोरला."

त्यांनी माझी बाही धरली होती. ती सोडली तेव्हा समोर लाल दिवा लागला होता.

बोलले बरे. पडद्यावर दोन-दोनच शब्द येत असल्यामुळे थांबत थांबत बोलले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांनी छापलं की इतका तोलून मापून बोलणारा नेता पाहिला नाही. धाकटी म्हणाली, "बाबा, किती शांत माणूस आहे ना!" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा नाही. चौकातला पोलीस लहान, बँकेतला मॅनेजर लहान, आणि सगळ्यात वर जो बसलाय त्याला मी काय करतो हे विचारायचंय. अडलं तर आता बघायचं कोणाकडे?

भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. (आशीर्वादही हल्ली मीच द्यायचे!)

तुझा,
धाकटा

ता. क. : भाचीचा फोन आला होता. डॉक्टरांनी सांगितलेली छातीची तपासणी तू सारखी पुढे ढकलते आहेस आणि वर 'मला काय धाड भरलीय' म्हणतेस. पत्र लिहायला बसलो होतो ते यासाठीच, राष्ट्राध्यक्ष मध्येच घुसले. गुरुवारी रजा टाकून येतोय. तयार राहा. रागवायचं तेवढं रिक्षात रागव.

आणखी एक ता. क. : मामा तुला धीर द्यायला येतोय, असं भाचीला सांगितलंय. तिला तसंच वाटू दे. पण भावजींना नक्की बरोबर घे. तू आत गेलीस की बाहेरच्या बाकावर मी एकटा बसू शकणार नाही.