डिकीतला गठ्ठा

अप्पा, आज तुम्हाला गाडीबद्दल लिहिते. माणसांबद्दल लिहिलं की घरात भांडणं होतात, हा माझा धंद्यातला अनुभव आहे. दर रविवारी वर्तमानपत्रात मी कुणाची तरी टोपी उडवते आणि सोमवारी, त्या टोपीखाली आमचंच डोकं होतं, असं सांगणारे नातेवाईक फोन करतात. गाडी फोन करत नाही. शिवाय गाडीबद्दल बोलायला तुम्हाला आवडायचं. दुकान हुबळीच्या दाजीबानपेठेत कापडाचं, पण जीव सगळा त्या पांढऱ्या जुन्या मोटारीत. आई तिला सवत म्हणायची, आणि सणाला दोघींनाही हार आणायचात तुम्ही, हे मला चांगलं आठवतं. (दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. माणसांनी शिवून घालणं सोडलं, आता फोनला कपडे घेतात. असो.)

ती गाडी तुम्ही माल आणायला घेतलीत आणि आम्हाला फिरवायलाही तीच. डिकीत गठ्ठे भरले की ती मागून बसायची आणि पेठेतल्या रस्त्यावरच्या प्रत्येक हंपाच्या उंचवट्यावर पोट घासायची. मग तुम्ही कमरीपेठेतल्या गॅरेजात नेऊन मागच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगला एकेक लोखंडी पाटा जादा घालून घेतलात. घासणं थांबलं. गाडी उचलली गेली, समोरच्या दुकानदाराच्या गाडीहून चांगली चार बोटं उंच दिसायला लागली, आणि त्या चार बोटांचा आनंद तुमच्या चालण्यातसुद्धा उतरला. पण पाटा होता गठ्ठ्यांच्या वजनाचा. माल असला की गाडी सायीवरून गेल्यासारखी जायची, आणि नुसती माणसं बसली की आम्हाला फुटाण्यासारखं उडवायची. आईची कंबर तेव्हापासून दुखरी. दुसऱ्या कुणी जादा पाटा काढून टाकला असता. तुम्ही काढला नाहीत, सोमवारी परत माल असायचा. तुम्ही डिकीत धोतरांचा एक मोठा गठ्ठा कायमचा ठेवून दिलात. लग्न असो, मुंज असो, बारसं असो, आधी गठ्ठा चढायचा, मग आई.

धारवाडच्या मावशीच्या घरचं लग्न आठवतंय? तुम्ही मांडवाजवळ गाडी लावून डिकी उघडलीत, आमच्या पिशव्या काढायला. मावशी आईची थोरली बहीण, जिभेला धार लावूनच जन्माला आलेली. तिला तो गठ्ठा दिसतो. ती कमरेवर हात ठेवते आणि चार माणसांत विचारते, "लग्नाला आलात की दुकान मांडायला?" मी आईच्या पदराआड. आणि तुम्ही, पिशवी खाली ठेवून, अगदी शांतपणे, "दोन्हीला की. तुमच्या यजमानांना एक दाखवू का? नेसलंय ते विरलंय." मावशी हसली, यजमान आत गेले. घरी परत येताना आई म्हणाली होती, तुमच्या जिभेलासुद्धा एक गठ्ठा बांधायला हवा.

आता आजचं सांगते. दिवाळीच्या आसपास आई न्हाणीत घसरली. खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टर चांगला होता, ऑपरेशन चांगलं झालं, आणि आम्ही घरी निघताना एक गोष्ट बजावली त्याने, बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. तेव्हा आम्हाला ते फार सोपं वाटलं. माझी गाडी बुटकी. दवाखान्यातून तिला घरी आणली त्या दिवशी ती आत बसली ती विहिरीत उतरावं तशी, आणि वाटेतल्या प्रत्येक हंपावर तिने पदराचा बोळा दातांत धरला. घरी आल्यावर खाटेवर टेकली आणि म्हणाली, "परत मला त्या डब्यात घालू नकोस. आता घराबाहेर पडेन ती चौघांच्या खांद्यावरून. त्यांना हंप लागत नाहीत." मी हसले. ती हसली नाही, आणि खरंच बाहेर पडली नाही. फाटकापर्यंत काठी टेकत जायची, रस्ता बघायची, परत यायची.

भाड्याची एक उंच गाडी बोलावून बघितली. पायरीवर पाय चढवताना अर्ध्यात थांबली आणि ड्रायव्हरला विचारलं, "बाबा, ही गाडी आहे की माळा?" गाडी परत पाठवली. आणि तिकडे धारवाडला मावशी. तिला आता नीट दिसत नाही, खोलीबाहेर येत नाही. दोघी रोज फोनवर ओरडतात, दोघींना कमी ऐकू येतं आणि दोघींना वाटतं दुसरीलाच. मावशी म्हणते, "एकदा येऊन जा ग." आई म्हणते, "तूच ये." मावशी म्हणते, "मला येता आलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?" मग फोन ठेवत कुणीच नाही, दोघी नुसता कानाला धरून बसतात. तेवढं मला बघवेना. हुबळी ते धारवाड म्हणजे काय अंतर आहे? लोक तिथून इथे चहा प्यायला येतात. आणि दोन बहिणी एका खुब्याच्या आणि एका सीटच्या उंचीसाठी न भेटता जाणार, हे मला काही लिहून उडवता येण्यासारखं नव्हतं.

मग मी तारिहाळच्या बाजूला एका गॅरेजात गेले. तिथे तरणी पोरं गाड्या खाली करून घ्यायला येतात. इतक्या खाली, की वाटेत मुंगी आडवी आली तर तिने वाकावं. त्यासाठी एक सस्पेन्शन मिळतं, ज्याच्या अंगावर आटे असतात आणि कडी फिरवून गाडी खालीवर करता येते. मालक तिशीतला, दाढी कोरलेली, आणि स्वतःच्या कामावर प्रचंड खूश. मला बघून म्हणाला, "अक्का, मुलाची गाडी का? किती खाली, एक बोट की दोन?" टायर आणि वरच्या पत्र्यामधली फट तिथे बोटांनी मोजतात.

"वर करायचीय," मी म्हटलं.

"वर? वर कशाला?"

"आईला बसता आलं पाहिजे."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "वर करून घ्यायला आलेल्या पहिल्याच तुम्ही," म्हणाला, आणि मग, "आक्कैतरी." म्हणजे होईल. कधी आणि कसं, ते त्या शब्दात कधीच नसतं, हे तुम्हाला मी काय सांगू.

माप मी घेऊन गेले होते. तुमची दुकानातली लोखंडी मीटरपट्टी. माझ्या लग्नात लोकांनी सोनं दिलं आणि तुम्ही, तेव्हाच दुकान आवरत होतात, ही दिलीत. म्हणालात, "तू मापात राहशील असं काही वाटत नाही, पण दुसऱ्याला मोजायला उपयोग होईल." त्या पट्टीने दुसऱ्यांना मोजूनच मी आजवर पोट भरलं, तेव्हा तक्रार नाही. यावेळी मात्र तिने आईची खाट मोजली. खाटेवरून आई कुणाचा हात न धरता उठते. सीट जमिनीपासून तेवढीच हवी होती.

पहिल्या खेपेला त्याने कडी आवळत आवळत स्प्रिंग दाबली आणि गाडी वर आणली. पट्टी लावली, उंची बरोबर खाटेची. मी मनातल्या मनात आईला मावशीच्या दारात उतरवलीसुद्धा. मग फेरी मारायला निघाले आणि कारखान्यांच्या रस्त्यावरच्या पहिल्याच खड्ड्याला माझे दात वाजले. अप्पा, तो दणका मी ओळखला. रिकाम्या डिकीची तुमची गाडी होती ती. परत येऊन मी त्या माणसाला पाट्याची आणि धोतरांची सगळी कथा सांगितली. तो इतका हसला की चहा मागवला. मग हसता हसताच गाडीखाली वाकला आणि थोड्या वेळाने खालूनच म्हणाला, "चुकलंच की हो अक्का. मी पण तुमच्या अप्पांचंच केलं. उंची पाहिजे म्हणून स्प्रिंगलाच पिळलं. स्प्रिंग अशी आवळून ठेवली तर ती खाली-वर कशी होणार?"

मग त्याने ती कडी सैल केली आणि खालच्या टोकाचे आटे फिरवून आख्खा दांडाच लांब केला. उंची परत खाटेएवढी, स्प्रिंग मोकळी. वरच्या टोकाला एक बोटभर गुंडी असते, ती फिरवली की गाडी कडक किंवा मऊ होते, उंचीला धक्का न लावता. हे बघताना मला तुमची फार आठवण आली. तुम्हाला उंची हवी होती तर दणके घ्यावे लागले, आणि दणके नको होते तर ओझं वाहावं लागलं. दोन्ही वेगवेगळं मागता येतं, हे तुमच्या गाडीला ठाऊक नव्हतं. आपल्या घरालाही नव्हतं, पण ते रविवारच्या लेखाला ठेवते.

लगेच जमलं असं समजू नका. मी हावरटपणे गुंडी सगळी मऊच्या बाजूला फिरवायला लावली. मग गाडी हंप ओलांडून गेल्यावरही नव्या जावयासारखी कितीतरी वेळ मान हलवत राहायची. आईला त्यात उलटी झाली असती. थोडी परत कडक केली. मग वळणावर कलायला लागली, म्हणून उंची बोटभर उतरवली आणि ते बोट सीटवर घट्ट उशी ठेवून भरून काढलं. डॉक्टरचा गुडघा, आईची कंबर, रस्त्यावरचे हंप, प्रत्येकाने थोडं थोडं सोडलं. आमच्या घरच्या बैठकींत असं कधी झालेलं मी बघितलेलं नाही.

आज सकाळी गाडी फाटकाशी लावली. आई काठी टेकत आली, गाडीभोवती अर्धी फेरी घातली. दार उघडल्यावर सीटवर तळवा दाबून बघितला, तुम्ही कापड बघायचात तसा. "पुढे बस," मी म्हटलं. "मागेच बसणार. पुढे बसलं की तुझं चालवणं दिसतं," म्हणाली. मग दारातच थांबली.

"डिकीत काय आहे?"

मी डिकी उघडून दाखवली. दुकान आवरताना तिने मागे ठेवलेला शेवटचा धोतरांचा गठ्ठा, माळ्यावर होता तो. गॅरेजात शेवटचं माप घेतलं तेव्हाच मी तो डिकीत टाकून नेला होता आणि त्या माणसाला म्हटलं होतं, आता हा धरून उंची बसव. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मागची बाजू थोडी उचलली.

आईने गठ्ठ्याकडे बघितलं. "वाळवी लागली नाही म्हणायची," एवढंच बोलली. मग काठी माझ्या हातात दिली, पाठमोरी सीटवर टेकली, आणि दोन्ही पाय एकत्र आत घेतले. कुणाचा हात धरला नाही.

तुम्ही मला गाडी शिकवत होतात तेव्हा एकदा उणकलजवळच्या हंपावरून मी ती तशीच उडवली होती. आई मागे ओरडली. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "मागच्या माणसाचं तोंड आरशात बघून चालव. रस्ता मी बघतो." आज आरसा खाली वाकवून ठेवला होता. रस्ता बघायला तुम्ही नव्हता, तेव्हा दोन्ही मलाच. पहिल्या हंपाला तिने पदर हातात घेतला. दुसऱ्याला घेऊन ठेवला, तोंडापर्यंत नेला नाही. नवनगरच्या पुढे बघितलं तर पदर खांद्यावर, आणि बाई खिडकीतून रस्त्याच्या मधल्या राखीव पट्ट्यातून पळणाऱ्या बसगाड्या बघताहेत. "या बसगाड्यांना वेगळा रस्ता आणि आपल्याला हंप," म्हणाली. तक्रार करायला लागली म्हणजे बरी आहे, हे मी ओळखलं.

मावशी पलंगावर बसून होती. आईचा चेहरा तिने बोटांनी चाचपला, नाक, कान, कपाळ. मग हात तसाच ठेवून विचारलं, "भेटायला आलीस की दुकान मांडायला?"

"दोन्हीला की," आई म्हणाली. "डिकीत आहे."

त्यावर दोघी किती हसल्या आणि मग काय झालं, ते मी बघितलं नाही, मी बाहेर ओट्यावर येऊन उगाच टायरची फट बोटांनी मोजत बसले. संध्याकाळी परत येताना उणकल ओलांडल्यावर आईने मागून विचारलं, "कोल्हापूर फार लांब आहे का ग?" मी म्हटलं, लांब आहे. म्हणाली, "मग मध्ये चहाला थांबू."

हे पत्र गाडीतच, पुढच्या खणात, कडी फिरवायच्या वाकड्या पान्याखाली ठेवते आहे. तुमच्या पत्त्यावर टपाल जात नाही, आणि छापलं तर मावशी फोन करेल. एक मात्र सांगायला हवं. गॅरेजवाल्याचा मघाशीच फोन आला होता. म्हणाला, "अक्का, आई एकदा बसल्या, झालं. आता तो गठ्ठा काढून आणा, मागची उंची मी लगेच उतरवून देतो, गाडी आणखी मऊ जाईल." खरं आहे त्याचं. त्या गठ्ठ्याची या गाडीला काही गरज नाही. मी त्याला उद्या येते म्हणून सांगितलं आहे, आणि मी जाणार नाही.