आकृतीतली चूक

चाचा, मागच्या आठवड्यात मी एक प्रीअँप निवडला. तुमच्या काळात ही वेगळी विकत घ्यायची वस्तू नव्हती, म्हणून आधी ते सांगतो. आमच्या कंपनीतले एक साहेब बदली होऊन गेले आणि जाताना आपला परदेशी टर्नटेबल मला देऊन गेले. त्याच्या पिनेमागे मॅग्नेटिक कार्ट्रिज आहे. तुमच्या दुकानात यायचे ते प्लेअर क्रिस्टलचे. त्यांची वायर रेडिओच्या मागे खोचली की गाणं सुरू. मॅग्नेटिकचं तसं नाही. त्यातून निघणारा आवाज इतका क्षीण असतो की अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत तो न पोचल्यातच जमा असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना जाड सूर दाबलेले आणि बारीक सूर चढवलेले असतात, ते वाजवताना मोजून उलटे करावे लागतात. ही दोन्ही कामं करणारी पत्र्याची छोटी डबी म्हणजे प्रीअँप. ती नीट नसेल तर बाकीचं सगळं सामान कितीही भारी असो, गाणं बिघडतं.

परदेशी डबीचा भाव ऐकला आणि तो विषय तिथेच सोडला. जुन्या रेडिओत असायचे तशा काचेच्या व्हॉल्व्हची बनवावी असं काही दिवस मनात होतं, ते मुख्यतः तुमच्यामुळे, पण तिला जास्त दाबाची वीज लागते आणि ट्रान्सफॉर्मरची घूंघूं काढता काढता माणूस म्हातारा होतो. राहिली दोन ट्रान्झिस्टरची. तशी जोडलेली पट्टी बुधवार पेठेत तयार मिळते, स्वस्त मिळते. पण तयार घेणं मला पटेना. मी जे शिकलो ते रेडिओची इंग्रजी मासिकं वाचून, शेजारी शब्दकोश ठेवून शिकलो. निगडीत आमच्या सेक्टरमध्ये कुणाचाही सेट बिघडला की तो माझ्या टेबलावर येतो. मी ऐकून सांगतो काय बिघडलंय, आणि ते तसंच निघतं. ह्या कानांवर माझं घरातलं आणि गल्लीतलं नाव उभं आहे. म्हणून मासिकातली जोडणीची आकृती घेतली आणि स्वतः बसलो.

आकृतीबरहुकूम सगळं जोडलं. लावणीची रेकॉर्ड लावली. ढोलकी आली, बाईंचा आवाज आला, पण घुंगरू आले नाहीत. मी सोल्डरचे डाग तपासले, ट्रान्झिस्टर बदलले, कार्ट्रिजच्या वायरी पुन्हा लावल्या. घुंगरू नाहीतच. मग ज्या कंडेन्सरवर बारीक सूर अवलंबून असतात तो काढून त्याहून लहान लावला. थोडे आले. त्याहून लहान लावला. तेव्हा कुठे घुंगरू लखलखीत वाजले, आणि मी ठरवून टाकलं की मासिकवाल्यांनी आकडा चुकीचा छापलाय. मी हे सगळ्यांना सांगितलं. कंपनीच्या बसमध्ये सांगितलं, कॅन्टीनमध्ये कागदावर आकृती काढून सांगितलं. वाचणाऱ्याला कळायला हवं की छापलेलं सगळं खरं नसतं, असंही म्हणालो.

इथे तुमचं कासारवाडीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवतं. स्टेशनच्या बाजूला, शेजारी सायकलवाला. मी पंचविशीतला, नुकताच कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, दिवसभर पत्रे ठोकणाऱ्या मशीनवर, लागलेलो. सकाळची शिफ्ट सुटली की तसाच तेलकट कपड्यांत तुमच्याकडे येतोय, स्टुलावर बसतोय. तुमची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याही मिस्त्रीकडे पाहिली नाही. दुरुस्त झालेल्या सेटवर तुम्ही आधी स्टेशन लावायचाच नाही. आवाजाची कळ पूर्ण फिरवायची, मान तिरपी करायची आणि मागची नुसती शांतता ऐकायची. आणि कंपनीतून सुटून आलेल्या माणसाला ते ऐकू द्यायचं नाही. "तू डाग दे," तुम्ही म्हणायचात, "ऐकायचं ते गुरुवारी, सुट्टीला. आज तुझ्या कानात कारखाना बसलाय."

एकदा मी हट्ट केला. मोठा सेट होता, लाकडी पेटीचा, भोसरीच्या एका हॉटेलवाल्याचा. मी ऐकलं आणि म्हणालो, साफ आहे. तुम्ही हसलात. "साफ? अरे, बारीक शिट्टी चाललीय. तो सायकलवाला तिकडून ऐकतोय." सायकलवाल्याने हातातलं चाक न सोडता ओरडून सांगितलं, "ऐकतोय बरं का, चाचा!" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. मग तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "बेटा, प्रेसवरून दुसरीकडे बदली मागून घे. हात कुठेही कामाला येतील. कान फिरून मिळत नाहीत." मी म्हणालो, बघतो. प्रेसवर भत्ता मिळायचा आणि तिथली माणसं दणकट समजली जायची. त्यानंतर मी दुकानात आलो नाही. भांडण झालं नव्हतं. पुस्तकं मिळायला लागली होती आणि वाटलं, आता एवढं पुरे. तुम्ही गेल्याचं एका पावसाळ्यात प्लॅटफॉर्मवर कुणीतरी सांगितलं. मी हो का म्हणालो, गाडी आली, मी चढलो. चिंचवडला उतरून कार्ड पंच केलं.

तर गेल्या गुरुवारी आमच्या इलेक्ट्रिकल मेन्टेनन्समधला माझा दोस्त आला. चिंचवड गावातल्या जुन्या घरातला माणूस, तोंडाने फटकळ. येताना बुधवार पेठेतली ती तयार पट्टी खिशात घालून आला होता. "मासिकवाल्याची चूक तू काढली म्हणतोस," तो म्हणाला, "मग ह्या दुकानवाल्याचीबी काढ. लाव दोन्ही." मी मधे एक बटण बसवलं. इकडे केलं की माझी, तिकडे केलं की त्याची. आधी माझी लावली. लावणी सुरू झाली आणि त्याने तोंड वाकडं केलं. "आरं राव, हे गाणं हाय का फोडणी?"

मला वाटलं चेष्टा करतोय. तेवढ्यात आतून आमची ही बाहेर आली. ती कधी माझ्या टेबलाजवळ फिरकत नाही. "मलाही तसंच वाटतं, भावजी. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं मागे चाललेलं असतं. आणि ते घुंगरू तर कानात टोचतात."

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"मला वाटलं तुम्हाला असंच हवंय. तुम्हाला त्यातलं कळतं."

मी बटण तिकडे केलं. दोघांचे चेहरे सैल झालेले मला दिसले. मला ढोलकी येत होती, बाई गात होत्या, आणि घुंगरू गेले होते. मी म्हणालो, "बघा, आता घुंगरू कुठे आहेत?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "अहो, वाजताहेत की," ही म्हणाली. "छान वाजताहेत." तिने हाताने ठेका धरून दाखवला, लहान मुलाला दाखवतात तसा. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. बोटं हलत होती, आणि त्या जागी मला काहीच येत नव्हतं.

मी भिंग घेऊन दुकानाच्या पट्टीवरचा कंडेन्सर वाचला. मासिकात छापला होता तोच आकडा. दोस्त म्हणाला, "फुकट शिव्या घातल्या त्या मासिकवाल्याला." मग म्हणाला, "भाऊ, तू आख्खी उमर प्रेसवर काढली. तुला गल्लीतलं कुत्रं भुकलेलं ऐकू येतंय का ते बघ आधी." त्याने चहा संपवला, पट्टीचे पैसे घेतले नाहीत, चप्पल घालताना नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. मला राग आला नाही. रडूही आलं नाही. मी विचार करत होतो की पट्टी नव्या डबीत बसवायला दोन स्क्रू कमी पडताहेत.

दुकानाची पट्टी बसवली. हीच निवड बरोबर आहे, हे मी लिहून द्यायला तयार आहे. माझ्या डबीचं गणित चुकलेलं होतं. ती मी जगासाठी नाही, माझ्या कानांत जेवढं कमी झालंय तेवढं भरून काढायला बनवली होती, आणि बनवताना मला ते माहीत नव्हतं. परवा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ सेट घेऊन आले. मी त्यांना म्हणालो, मला बारीक आवाज ऐकू येत नाही, ऐकायचं काम ही करील. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी हिच्याकडे बघून, "वहिनी, मागे जरा घरघर येते हो," असं म्हटलं.

चाचा, हे पत्र कुठल्याच पत्त्यावर टाकता येणार नाही हे मला कळतं. तरी एक सांगून टाकतो. आज ही मंडईत गेली तेव्हा मी दोन वायरी काढल्या आणि माझी डबी जोडली. घुंगरू आले. मी टर्नटेबलसमोर बसून राहिलो. ती कधी आली मला कळलं नाही. मागे वळलो तर भाजीची पिशवी खुर्चीवर होती आणि स्वयंपाकघराचं दार तिने आतून लोटून घेतलेलं होतं. मी आवाज कमी करायला उठलो नाही.